म्हसोबांची धावपट्टी

उस्मानपुरा,
पितृपंधरवड्यातली तृतीया

तीर्थस्वरूप अप्पाराव दाजींच्या सेवेशी, शहागंजातल्या फ्रेमवाल्या मेव्हण्याचा, म्हणजे साहेबरावचा, वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष वाकलो नाही, मनानं वाकलो आहे. उसण कशानं भरली ते पुढं येईलच.) तुमचा नवा गुडघा रुळला का? जालन्याच्या डॉक्टरनं जिना चढू नका म्हटलं होतं आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी गच्चीवर पापड राखायला बसलात, असं अक्काकडून कळलं. अक्काला म्हणावं, साखर वाढली की दोष शेवयांच्या खिरीला देऊ नये, खीर स्वतःहून वाटीत येत नाही. इकडं रत्नमाला ठणठणीत आहे. ती ठणठणीत असली की मला काय काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला माहीत आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही मध्येच हसता. पत्रात माणसाला शेवटपर्यंत वाचावं लागतं, आणि हसलं तरी लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही. शिवाय मजकूर तुमच्याच गावाचा, तुमच्याच आजोबांचा आणि तुमच्याच पट्टीच्या माळाचा आहे. सध्या त्या माळाशी माझं थोडं अडलं आहे. थोडंच.

तुम्ही मला चारचौघांत 'विमानतळाचा वॉचमन' म्हणता ते माझ्या कानावर येतं. म्हणा. पण एवढं ध्यानात असू द्या की तीस वर्षं दुसऱ्यांच्या फोटोंना चौकटी बसवताना मी फोटो बघायला शिकलो, कोणत्या कॉलेजात गेलो नाही. लोक फोटोतला माणूस बघतात. मी माणसाच्या मागचं बघतो. महायुद्धाच्या काळात आपल्या देशात ठिकठिकाणी घाईघाईनं धावपट्ट्या बांधल्या गेल्या, युद्ध संपलं तसे लोक त्या विसरूनही गेले. आता परदेशातल्या घरांच्या माळ्यांवरून त्यांचे फोटो निघतात, पाठीमागं गाव लिहिलेलं नसतं, आणि ती माणसं आमच्या इंटरनेटवरच्या मंडळात येऊन विचारतात, ही जागा कोणती? मग डोंगराची रेघ, सावलीची दिशा, झाडाचा बुंधा यांवरून आम्ही जागा लावतो. माझ्या खात्यावर बऱ्याच जागा जमा आहेत. (एकदा मी लावलेला विमानतळ कापसाच्या जिनिंगचं आवार निघाला. पण तो फोटोच हललेला होता.) नागपूरचे एक निवृत्त इंजिनियर त्या जिनिंगची आठवण दर पंधरा दिवसांनी काढतात, तीही सगळ्यांच्या देखत.

तर उन्हाळ्यात स्कॉटलंडहून एक बाई आल्या. आल्या म्हणजे मंडळात आल्या. नाव मार्गारेट, वय एक्क्याऐंशी. (मी मार्गारेटबाई म्हणतो. मॅडम म्हटलं की बँकेत उभं राहिल्यासारखं वाटतं.) त्यांचे वडील विमान चालवायचे. बाई जन्मायच्या आधी ते हिंदुस्थानातल्या कुठल्याशा धावपट्टीवरून उडाले आणि परत आलेच नाहीत. ना विमान सापडलं, ना माणूस. मागं राहिला एक फोटो: माळरान, पांढऱ्या दगडांच्या दोन रांगा, डावीकडं माथ्यावर खाच, म्हणजे खांडा पडलेला डोंगर, कडेला शेपटी दाखवणारं एक विमान. बाईंचं मागणं छोटंच होतं. वडिलांचे पाय शेवटचे ज्या जमिनीला लागले ती कोणती, एवढं मरायच्या आधी कळावं. दाजी, फ्रेमच्या दुकानात रोज कुणाचा ना कुणाचा बाप हारासाठी येतो, पण हे वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. मी बाईंना शब्द दिला. नागपूरकरांनी खाली लिहिलं, 'हा पाझर तलावाचा बांध दिसतो.' मग तर शब्द पक्काच झाला.

तो खांडा पडलेला डोंगर मला कुठं दिसला होता, माहीत आहे? तुमच्या लग्नात, तुमच्याच गावी. अक्काची पाठवणी झाली तेव्हा रडू येऊ नये म्हणून मी त्याच्याकडंच बघत होतो. शेंद्र्याच्या कारखान्यांवरून पुढं निघालं की आजही तो डावीकडं लागतो. मी आकाशातून घेतलेले नकाशे काढले. श्रावणात चहूकडं मका आणि सोयाबीन, हिरवंगार, आणि मधोमध तुमच्या भाऊबंदांच्या माळावर एक सरळ पिवळी पट्टी, जिथं काही उगवत नाही. गाडी काढली आणि गेलो.

पट्टीवर उतरलो आणि दाजी, अंगावर काटा आला. अभिमानाचा काटा, दुसरा कसला नाही. तुमच्या माळावरच्या म्हसोब्यांच्या तुम्ही लहानपणापासून पाया पडत आला आहात. पण एकदा तरी तुमच्यापैकी कुणी टेप लावून बघितला? शेंदराची पुटं खरवडली (एकाचीच, आणि आधी माफी मागून) तर खाली घडीव दगड, त्यावर पांढरा चुना. पुढचा म्हसोबा तेवढ्याच अंतरावर. त्यापुढचाही तेवढ्याच. समोरच्या रांगेत जोडीला जोडी. देव असे अंतर मोजून बसत नाहीत! ती धावपट्टीची कड होती, फौज गेली आणि दगड उरले, आणि आपल्याकडं माळावर पांढरा दगड एकटा उभा राहिला की त्याला शेंदूर लागायला कितीसा वेळ लागतो?

एकच दगड चुकीचा होता. एक म्हसोबा रांग सोडून पट्टीच्या बरोब्बर मधोमध बसलेला, आणि कडेला त्याच्या जागी नुसता खड्डा. फोटोत तो कडेला आहे. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. फ्रेम एक सूत वाकडी असली तर मला गिऱ्हाईकाच्या घरी चहा जात नाही. मार्गारेटबाईंना पाठवायचा फोटो त्या जुन्या फोटोशी दगडाला दगड जुळला पाहिजे, म्हणजे नागपूरकरांचं तोंड कायमचं बंद. तेव्हा मी तुमच्या चुलतभावाला, अभयला, गाठलं. तो कंपनीत कामाला लागल्यापासून देवाधर्माला 'जुनी सिस्टीम' म्हणतो. पोळ्याचा दिवस धरला. बैलांना सुट्टी, गाव मिरवणुकीत, अभयचा ट्रॅक्टर रिकामा, आणि त्याची आई, म्हणजे तुमच्या सरूकाकू, बैलांना ओवाळायला घरी. आम्ही दोर लावला, मी स्वतः खांदा दिला (उसण ती हीच), आणि म्हसोबा त्याच्या मूळ खड्ड्यात असा बसला, जसा काही रोज तिथूनच उठून जात होता.

इथपर्यंत माझी बाजू निर्दोष आहे.

दिवस हातभर उरला होता. मी फोटोसाठी जागा धरून उभा होतो, तेवढ्यात तुमच्या सरूकाकू तेलाची बरणी आणि पणत्यांची पाटी घेऊन आल्या. दर अमावस्येला त्या म्हसोब्यांपुढं दिवे लावतात हे तुम्हाला माहीत आहेच. पट्टीच्या मधोमध नजर गेली आणि त्यांनी पाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता शिव्या. पण दाजी, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पाव्हणं, दगड कुणी हालवला?" मी फोटो दाखवला, अंतरं सांगितली, सुताचा हिशेब सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जागा बराबर हाय. तिथंच व्हता तो. आत्याबाईनं मधी आणून ठिवला व्हता. उगं नव्हता ठिवला."

मग एकेक पणती लावत, पुढं पुढं सरकत त्यांनी सांगितलं, आणि मी मागून तेल ओतत ऐकलं. तुमचे आजोबा फकिराजी हे म्हसोबाचे भक्त होते असं तुम्ही आजवर सांगत आलात. ते भक्त नव्हते, त्या धावपट्टीवर दिवे लावायच्या कामाला होते. विमान उतरायचं असलं की दगडादगडाशी कंदील ठेवायचे. एका संध्याकाळी एक विमान गेलं ते आलं नाही. गोऱ्या साहेबानं फकिराजींना सांगितलं, तो येईपर्यंत दिवे बंद करायचे नाहीत. पुढं फौज उठून गेली, साहेब गेला, निजामही गेला, पण दिवे बंद कर म्हणून सांगायला कुणीच आलं नाही. फकिराजी लावत राहिले. तेल पुरेना तेव्हा फक्त अमावस्येला लावू लागले, कारण चांदण्यात त्याला आपोआप दिसेल. (दाजी, विचार किती चोख आहे बघा. मी असतो तर हेच केलं असतं.) म्हातारपणी एका अमावस्येला ते माळावरून आले आणि जेवलेच नाहीत. म्हणाले, आज आला होता, वर घिरट्या घालून गेला. ते वारल्यावर तुमच्या आजीनं, म्हणजे काकूंच्या आत्याबाई सारजाबाईंनी, चार बायका जमवल्या आणि एक दगड लोटत लोटत मध्ये आणून ठेवला. दिवे लावायचा शब्द नवऱ्यानं दिलेला, तो मोडायचा नाही. पण इतक्या वर्षांनी जे येईल, ते खाली उतरू द्यायचं नाही. मला हसू आलं. आपल्या घरांत नाही का, 'या ना मुक्कामाला' म्हणायचं आणि आधी खाट उचलून आत ठेवायची? सारजाबाईंनी तेच केलं होतं. आणि ती आडवी खाट मी, टेप लावून, बाजूला केली होती.

मी म्हटलं, काकू, मग आज दिवे नका लावू. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढची पणती पुढं केली.

शेवटची जोडी लागली तेव्हा दिवस टेकला होता, बुडाला नव्हता. आता जे सांगतो ते मी जसं बघितलं तसंच सांगतो, त्यात रंग भरत नाही. वारा नव्हता. मिरवणुकीची हलगी लांबवर वाजत होती, ती थांबली. मावळतीकडची पहिली जोडी आडवी झाली, म्हणजे ज्योती वाकल्या, विझल्या नाहीत. मग दुसरी जोडी. मग तिसरी. जोडीजोडीनं, गडबड नाही, एका टोकाकडून आमच्या दिशेनं, जसं ज्वारीच्या उभ्या पिकातून कुणी चालत यावं. आमच्यापर्यंत आल्यावर ते थांबलं, आणि सगळ्या ज्योती सरळ झाल्या. आवाज काहीही नाही. अभयचं कुत्रं भुंकलं नाही, शेपटी पोटाशी घेऊन बसून राहिलं. आणि सरूकाकूंनी, दाजी, डोक्यावरचा पदर पुढं ओढला. घरात मोठा माणूस आल्यावर सुना ओढतात, तसा. मग पट्टीकडं न बघता अभयला म्हणाल्या, "जा, तांब्याभर पाणी आण. आता आलाच म्हणल्यावर पाय धुवाया पाणी तर द्यावं लागंल."

अभयची जुनी सिस्टीम त्या क्षणी चालू झाली. तो पाण्याला गेला तो थेट मावशीकडं मुक्कामाला निघून गेला. पाणी मी आणलं.

माझा हात मोबाइलवर होता, त्यात तेवढ्यात एक फोटो निघाला. तो दुसऱ्या दिवशी दुकानात मोठा करून बघितला. दगडांच्या सावल्या उजवीकडं, काकूंची उजवीकडं, कुत्र्याचीही उजवीकडं. दोन दगडांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक सावली डावीकडं पडली आहे. उभ्या माणसाची. माणूस नाही.

याला कारणं आहेत. एक, मोबाइलच्या भिंगात दोष असू शकतो. दोन, ढग. (त्या दिवशी ढग नव्हते, पण नियम म्हणून सांगतो.) तीन, तापलेल्या मुरमावरून संध्याकाळी हवा सरकते आणि तिनं दिवे वाकतात, हे शास्त्र आहे. जोडीजोडीनं का वाकतात, ते मी अजून वाचतो आहे. सरूकाकू तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला पट्टीच्या कडेला तांब्या भरून ठेवतात आणि सकाळी तो रिकामा असतो, त्याचंही ऊन आणि कावळे हे सरळ कारण आहे. मी घाबरलेलो नाही. घरात दिवा चालू ठेवून झोपतो तो रत्नमालेला वाचायची सवय लागावी म्हणून. ती म्हणते, मी चौथीनंतर पुस्तक धरलेलं नाही, तुम्ही कुणासाठी दिवा ठेवता ते सांगा.

मार्गारेटबाईंना मी जागा कळवली. जुना फोटो, नवा फोटो (सावली कापून), दगडाला दगड, डोंगराला डोंगर. नागपूरकरांनी चक्क अंगठा दाखवला, वर केलेला. बाईंचं उत्तर आलं, फार मोठं. शेवटी विचारलं होतं, तिथल्या कुणाला आठवतं का, त्यांची कुणी वाट बघितली होती का? एवढं एक उत्तर द्यायचं राहिलं आहे.

बाकी सर्व क्षेम. गुडघा जपा. अक्काला नमस्कार, खिरीला राम राम.

आपला,
साहेबराव

ता. क. मूळ सांगायचं राहिलंच. सर्वपित्रीच्या अमावस्येच्या आत तुम्ही गावी जाऊन तो दगड परत मध्ये आणून ठेवावा. तुम्ही स्वतः उचलायचा नाही, फक्त सरूकाकूंना राजी करायचं. माझ्याशी त्या बोलत नाहीत आणि अभय मावशीकडंच आहे. मी आलो असतो, पण पितृपंधरवड्यात फ्रेमवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. हे कारण खरं आहे, चौकशी करावी.

ता. क. दुसरा. पत्र खिशातच राहिलं, तेवढ्यात काकूंचाच फोन आला, म्हणजे त्यांनी लावून घेतला. दगडाला आता हात लावायचा नाही म्हणतात. "येऊ नये म्हणून आडवा ठिवला व्हता. आता आलाय. परत आडवा घातला तर जायचा कसा, पाव्हणं?" तेव्हा वरचा ता. क. रद्द समजावा.

ता. क. तिसरा. दाजी, हे अक्काला वाचून दाखवू नका. मार्गारेटबाईंनी वडिलांचा तोच जुना फोटो मोठा आणि स्वच्छ करून पाठवला. विमानाच्या शेपटीवर आकडा आहे. तो उलटा आहे, आरशात दिसतो तसा. फोटो छापतानाच उलटा छापला गेला होता. म्हणजे खांडा पडलेला डोंगर मुळात उजवीकडं, तसा तो तुमच्या पट्टीच्या कुठल्याच टोकावरून दिसत नाही, आणि जागा तुमच्या माळाची नव्हेच. ती आणखी कुठंतरी, पार दुसऱ्या मुलखात. तीस वर्षं काचेखाली फोटो घालणाऱ्या माणसाला फोटोची उलटसुलट बाजू कळली नाही. नागपूरकरांना मी स्वतःच कळवलं, कुणी सांगायच्या आधी. त्यांनी या वेळी जिनिंगचं नाव काढलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

पण मग तुमच्या माळावर उतरलं ते कोण? हे मी काकूंना फोनवर विचारलं. काकू, तो आपल्या बाईंचा बाप नाही हो, भलताच कुणीतरी आहे. त्या म्हणाल्या, "मामंजीनं बापाचं नाव इचारून दिवं लावलं व्हतं का? कुणाचा तरी असंल की." आणि पाणी भरायला गेल्या.

ता. क. शेवटचा. मार्गारेटबाईंना मी सगळं खरं लिहिलं. माझी चूक, उलटा फोटो, तुमचे आजोबा, दिवे, दगड आणि तांब्यासुद्धा. वाटलं, आता बाई मंडळ सोडून जातील. आज सकाळी चार ओळी आल्या. लिहितात, माझे वडील जिथं कुठं असतील तिथंही अशी एखादी बाई असेल, असं आजपासून धरून चालते. आणि सर्वपित्रीला सरूबाईंनी त्यांच्या वतीनंही एक तांब्या ठेवावा.

तर दाजी, खरं काम एवढंच. आमच्या आईनं अक्काला रुखवतात दिलेला तो मोठा तांब्याचा तांब्या तुमच्या फडताळात वरच्या फळीवर आहे. तो घासून घेऊन सर्वपित्रीला गावी या. मीही येतो. गुडघ्याला चालवत नसेल तर गाडी माळापर्यंत आणा, पण पट्टीवर चढवू नका. कडेला, म्हसोब्यांच्या बाहेर लावा. मधली जागा मोकळी लागते.